चाकूची जन्मतारीख

जामसंड्याला ज्यांच्या घरात माझं पार्लर होतं, त्या घरमालकांना मी महिन्याला भाडं द्यायचे आणि दोन-चार दिवसांआड 'व्हय म्हाराजा' द्यायचे. भाडं पुढेमागे झालं तर ते चकार शब्द काढत नसत. 'व्हय म्हाराजा' चुकलं, की लगेच बायकोला पाठवून चौकशी, "पार्लरवाली बरी आसा मां? घसोबिसो बसलो नाय मां?"

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे संशयाने बघतो, म्हणून आधी नीट सांगते. आमच्या सिंधुदुर्गात कुठलंही काम काढायचं तर देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने उभं राहून मोठ्याने सांगायचं, बा देवा म्हाराजा, असं असं आहे, सांभाळून घे. आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागे व्हय म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं अर्ध्या वाटेवरच राहतं, अशी समजूत. लग्नाला, होडीला, नव्या रिक्षाला गाऱ्हाणं घातलेलं मी बघितलंय. चाकूला घालणारा माणूस मात्र मी जन्मात एकच बघितला, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे होता. भिंत तरी कसली, प्लायवूडचं पार्टिशन. इकडे मी आणि माझ्या बायका, तिकडे काका आणि त्यांची भट्टी.

आम्ही सगळ्या त्यांना काकाच म्हणायचो. ठेंगणे, खाकी हाफपँट, वर बनियन, आणि दोन्ही कानांतून केसांचे झुबके. मी धंद्याने पार्लरवाली, माझ्या डोळ्यांना ते सहन व्हायचं नाही. एकदा म्हटलं, काका, बसा खुर्चीत, फुकट कापून देते. तर दोन पावलं मागे सरले. "कानाक हात लावू नको गो. माझो धंदो कानावर आसा."

त्यांचा धंदा चाकूंचा. तरुणपणी जहाजावर इंजिनात फिटर होते, कुठल्या कुठल्या बंदरांत चाकू बघून आले आणि म्हातारपणी तेच करत बसले. चाकू म्हणजे आपल्या ओट्यावरचा नव्हे, मिटणारा. पातं मुठीत जाऊन झोपतं आणि अंगठ्याने ढकललं की उठतं, तसला. पातं जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून कापलेलं, मूठ जुन्या माडाच्या बुंध्याची, काळी आणि तुळतुळीत. मुंबई-पुण्याचे, बंगळूरचे शौकीन लोक नंबर लावून बसलेले असायचे. किंमत मी एकदाच विचारली. एका बाईच्या भुवया करत होते; किंमत ऐकली आणि हातातला दोरा तुटला. त्या बाईची डावी भुवई पुढे महिनाभर आश्चर्यचकितच होती.

एवढ्या किमतीचा चाकू घेऊन लोक करतात तरी काय, हे मी काकींना विचारलं. काकी म्हणाल्या, "कपाटात ठेवतत आणि बघतत." लग्नातल्या शालूचं तरी दुसरं काय होतं म्हणा. काकी स्वतः मासे आपल्या विळीवर कापायच्या. नवऱ्याच्या चाकूला त्यांनी उभ्या आयुष्यात एक बोंबील दाखवला नाही.

पातं भट्टीत लाल केलं की लगेच बुडवून गार करायचं, म्हणजे ते कडक होतं. याला 'पाणी देणं' म्हणतात, पण काका पाणी द्यायचे खोबरेल तेलात. तो वास पार्टिशनवरून माझ्याकडे यायचा आणि बायका विचारायच्या, "आज हेडमसाज आसा काय गो?" हे पाणी द्यायच्या आधी गाऱ्हाणं. पूर्वी काकी व्हय म्हणायच्या, पण त्यांनी एक दिवस हात जोडले, की माझी चुलीवरची कढी रोज फुटते, दुसरं कोणी बघा. त्याच आठवड्यात मी पार्लर थाटलं. पहिल्याच दिवशी पलीकडून आवाज आला, "बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा," आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा." लहानपणापासूनची सवय, ती काय विचारून येते? खुर्चीतल्या बाईनेही म्हटलं. पलीकडून दुप्पट जोराने पुढचं वाक्य.

"ह्या पात्याक आज पाणी देतंय, ता वाकडा जावचा नाय, तडाकचा नाय, असा बघ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ज्याच्या हातात जायत, तेचा बोट सोडून बाकी सगळा कापू दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. बदल्यात मी एवढंच कबूल करून घेतलं, की नवरीचा मेकअप चालू असताना ग्राइंडर लावायचा नाही. काकांनी ते पाळलं. उलट नवरीमुलींच्या तारखा ते माझ्याआधी विचारून ठेवायचे, कारण त्या दिवशी पार्लरात बायका जास्त, म्हणजे व्हय जोरात. किती नवरीमुलींच्या तोंडावरचा पॅक 'म्हाराजा' म्हणताना भेगाळला असेल. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या फिलू टीचरचा. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, दर रविवारी न चुकता चर्चमध्ये, आणि केसांना डाय लावून घ्यायला माझ्याकडे. मी एकदा विचारलं, टीचर, तुम्हाला चालतं का हे? म्हणाल्या, "व्हय म्हणूक काय जाता? समोरच्याक तेवढोच आधार." मला ते पटलं.

आता तारखेचं सांगते, कारण काकांचं खरं वेड ते. चाकू पुरा झाला, असं ते कधी म्हणायचे नाहीत. ते तो कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि पातं मिटवायचे. 'खट्' असा एकच, भरलेला आवाज यायला हवा. जरा पाघळला तर म्हणायचे, "येवक नाय अजून. जल्माक येवक नाय." आणि पुन्हा खोलून घासायला घ्यायचे. असं एकेका चाकूचं आठवडाआठवडा चालायचं. ज्या दिवशी आवाज पटला, तो त्याचा जन्मदिवस. मग मुठीच्या आतली पितळी पट्टी बाहेर काढायची, तिच्यावर त्या दिवसाची तारीख ठशांनी ठोकायची, पट्टी परत आत बसवायची आणि खिळे कायमचे ठेचून टाकायचे. पात्यावर तारीख मारत नसत, कारण पाणी दिलेल्या पात्यावर ठसा उमटायच्या आधी ठसाच मोडतो. पातं उघडून आत बॅटरी मारली तरच ती तारीख दिसणार. मी म्हटलं, काका, एवढं करून कोणाला दिसत नाही ती. म्हणाले, "तारीख दाखवची नसता. आसूक व्हयी."

ठसे त्यांनी स्वतःच घडवले होते, जहाजावरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्यांतून, मराठी आकड्यांचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बनियनच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले असायचे. लंडनच्या कोणी गोऱ्याने चाकू घेतला, आत बॅटरी मारली आणि विचारलं, की या मंत्राचा अर्थ काय. काकांनी फिलू टीचरकडून इंग्रजीत उत्तर लिहून घेतलं. उत्तर एवढंच होतं, की त्या दिवशी मंगळवार होता.

वेड चाकूपुरतं राहिलं असतं तर ठीक. घरातल्या प्रत्येक नारळावर कोळशाने तारीख, साबणावर खिळ्याने तारीख, चपलेच्या तळव्यावर तारीख. माझ्या पार्लरला रंग दिला तर सकाळी येऊन बघते तो आरशाच्या वर पेन्सिलीने तारीख. पुसली, तर परत लिहिली.

एकदा नात्यातल्या कोणाची वास्तुशांत होती. आपल्याकडे रीत आहे, स्टीलचं भांडं घ्यायचं, दुकानातच मशीनने त्यावर नाव आणि तारीख घालून घ्यायची आणि द्यायचं. काका-काकी आदल्या दिवशी पातेलं घ्यायला गेले. मीही होते, मला डबे घ्यायचे होते. दुकानदाराने नाव घातलं आणि तारीख घालायला लागला, उद्याची. काकांनी त्याचा हात धरला.

"आज काय वार?"

"काका, कार्यक्रम उद्या आसा मां, म्हणून उद्याची."

"भांडा फाल्यां देवचा, पण घालतंस तू आज. मगे तारीख फाल्यांची कशी? फाल्यां मी मेलंय तर?"

"मेलास तर काकी देतली," दुकानदार म्हणाला. काकींनीही मान हलवली. पण काका ऐकतात कशाला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसले. दुकानदार त्या दिवशी नेमका उशिरा आला. काका पातेलं घेऊन वास्तुशांतीला पोचले तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या आणि मांडववाला खुर्च्या रचत होता. काकी पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जेवून, लाजून, अर्धमेल्या झाल्या होत्या. काका खुशीत. उपाशी, पण खुशीत.

यामागे एक दुखणं होतं, ते मला उशिरा कळलं. एक दिवस काका शर्ट-पँट घालून निघाले. शर्ट-पँट म्हणजे गंभीर काहीतरी. विचारलं, तर म्हणाले, बँकेत. मलाही तिकडेच जायचं होतं, गेले बरोबर. साहेबांसमोर उभे राहून त्यांनी कचेरीतलं मराठी काढलं. "साहेब, दर एक जूनला तुमच्या बँकेकडून मला वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. त्या परत घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे."

साहेब हसले. "काका, ते आपोआप जातं. सिस्टीम पाठवते."

"मग सिस्टीमला कळवा, की माझी खात्री नाही."

झालं होतं ते असं. त्यांच्या वेळी शाळेत नाव घालायला नेलं, की मास्तर विचारायचे, जन्मतारीख? आईबापांना ठाऊक नसायची. मग मास्तर एक जून टाकून मोकळे. परतीच्या रिक्षात काका एकसारखे बोलत होते. "आमच्या वर्गातले सगळे एक जूनचे. एवढी पोरां एका दिवशी जल्माक इली, तर सुइणीक हात किती होते?" आईला विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, मामा फणसावरून पडला त्या दिवशी तू झालास. मामाला विचारलं, तर मामा दर वर्षी पडायचा.

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "माझ्यार मास्तरान खोटी तारीख मारल्यान. ती आता खरवडून जावची नाय. म्हणान माझ्या हातान दुसऱ्या कोणार खोटी पडूक देवचंय नाय."  एक जूनला ते भट्टी पेटवत नसत, चाकू कानाला लावत नसत, दिवसभर अंगणात माडाला टेकून बसून राहायचे, ते का, हे मला तेव्हा उमगलं. ती तारीख त्यांनी कधी कुठल्या चाकूवर मारलीच नव्हती.

गाऱ्हाण्याचा आणखी एक गुण सांगायचा राहिला. त्यात व्हय म्हटलं, की माणूस बांधला गेला. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. एकदा मी बोर्ड लावायला त्यांची शिडी आणली आणि परत द्यायची विसरले, म्हणजे विसरले असं नाही, आळस. काकांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पात्याच्या गाऱ्हाण्यात मध्येच घातलं, "जेच्याकडे माझी शिडी आसा, ती तेना आज सांजच्या आदी आणून देवची रे म्हाराजा," आणि मी, हातात वॅक्सची पट्टी, "व्हय म्हाराजा." फिलू टीचर पोट धरून हसत होत्या. मी तणतणत शिडी नेऊन दिली. कुठे जाणार?

काकांना एक मुलगा. पुण्याला मोठ्या कंपनीत, वस्तू ऑनलाइन कशा खपवायच्या ते बघायचा. वडिलांना पप्पा म्हणायचा आणि घरातही शुद्ध पुणेरी बोलायचा. वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, हात हळू पडलेले, गिऱ्हाईकं रांगेत ताटकळलेली. त्याचं म्हणणं, कोल्हापूरकडे एक कारखाना आहे, पाती मशीनवर कापून देतो, मुठी मशीनवर, नुसते आपल्या घरचे ठसे द्यायचे. एका वेळी शंभर चाकू, सगळ्यांवर एक तारीख.

"पप्पा, बाहेरचे मोठमोठे लोक नुसता महिना आणि वर्ष घालतात. कितीतरी जण नुसतं वर्ष."

"म्हयन्याक कोण जल्माक येता रे?"

"अहो, लॉट म्हणतात त्याला."

"लॉट बांगड्यांचो असता, मासळीबाजारात."

असं ते वर्षभर चाललं होतं. फोनवर काका ओरडायचे आणि आम्ही पार्टिशनला कान लावायचो. मुलाने शेवटी सांगितलं, की मे महिन्यात येतोय, तेव्हा काय ते एकदाच ठरवा, मग मी पुन्हा विषय काढणार नाही आणि पुन्हा पुन्हा यायचा त्रासही घेणार नाही. त्या फोननंतर काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. बायका असताना पार्लरच्या आत ते कधी पाऊल टाकायचे नाहीत.

"ठसे दिले तर तारीख गेली," ते म्हणाले. "नाय दिले तर झील गेलो. काय करूचा ता तूच सांग."

तारीख की मुलगा, मी काय सांगणार? मला स्वतःच्या नवऱ्याला नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, काका, चहा घ्या. चहा न घेताच गेले.

मुलगा आला तो कारखान्यात केलेला एक चाकू नमुन्याला घेऊनच. मी मान्य करते, सुरेख होता. काकांनी कानाशी धरला, डोळे मिटले, मिटवला. 'खट्.' आम्हाला अलीकडे ऐकू आला.

"आवाज बरो आसा," काका म्हणाले.

"मग?" मुलगा म्हणाला. "देताय ना ठसे?"

"हेची तारीख?"

"ती नंतर टाकू. सगळ्यांची एकच टाकू."

 काकांनी ठशांचा डबा सरकवल्याचा आवाज आला. "देवाक विचारूया. ठसे घरातसून जावचे तर गाऱ्हाणा घालून जावचे."

"घाला की," मुलगा म्हणाला. एवढ्यावर भागतंय म्हणून त्याला बरंच वाटलं असणार.

पार्टिशनच्या अलीकडे आम्ही चौघीजणी होतो. व्हय म्हणणाऱ्या आम्हीच होतो ना. काका ठसे देऊ का म्हणून विचारणार, आमच्या तोंडातून सवयीने व्हय जाणार, की डबा गेला कोल्हापूरला. मी ओठांवर बोट ठेवून एकेकीकडे डोळे वटारले. एकीच्या तोंडाला पॅक होता, तिने ओठ आत ओढून घेतले. फिलू टीचरना स्वतःचा भरवसा नव्हता. त्यांनी सरळ टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "बारा वाटांच्या, बारा वहिवाटींच्या राखणदारा."

शांतता.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. अर्ध्यावर अडकलेली शिंक कशी असते, तसं गाऱ्हाण्यामागचं ते रिकामं वाक्य. माझ्या घशात ते येऊन उभं होतं. काका वाट बघत थांबले. थांबून थांबून त्यांचा आवाज उतरला. "आज तुझ्या पायार येक गोष्ट घालतंय रे म्हाराजा."

परत शांतता. आणि मग पलीकडूनच, जाड, अवघडलेल्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

मुलगा. बापाचं गाऱ्हाणं उघडं पडलेलं त्याला बघवलं नसावं. पुण्याची कंपनी, लॉट, सगळं बाजूला राहिलं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून देवळात ओरडायचा, ते वर आलं.

काकांना जोर आला. "ह्या घराची, भट्टीची राखण करत इलंस, तशीच कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हेच्या आवशीक गुडघेदुखीसून सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आता त्याचा सूर लागला होता. काका थांबेनात, त्यालाही थांबू देईनात. "पोरगो शिकलो, पुण्याक गेलो, बरा झाला रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तेका आता एका तारखेचे शंभर चाकू करूचे आसत रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तर आदी तेना आपल्या हातान, ह्याच भट्टीर, एक चाकू करूचो, माझ्या कानाक पटासर करूचो, आणि मगेच ठसे न्हेवचे, असो शब्द तो तुका देता रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बोलून गेला. मग कळलं त्याला. मी पार्टिशनच्या फटीला डोळा लावला होता, त्याचं तोंड मी बघितलं.

"पप्पा, ही फसवणूक आहे."

"मी देवाक सांगी होतंय," काका म्हणाले. "मधी तू बोल्लंस."

फिलू टीचरनी टॉवेल काढला आणि इतक्या हसल्या, की डायचे ओघळ कपाळावर आले. ते डाग चार दिवस गेले नाहीत. शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं.

मुलगा रागावून त्याच संध्याकाळच्या बसने पुण्याला गेला. आणि पंधरवड्याने परत आला. देवाबिवावर विश्वास नाही म्हणायचा, पण दिलेला शब्द त्याला झोपू देईना. मग वर्षभर येत राहिला, सुट्ट्या जोडून जोडून. पहिलं पातं वाकलं. दुसरं तडकलं, कारण गाऱ्हाणं घालायची त्याला लाज वाटली आणि तसंच बुडवलं. तिसऱ्याला घातलं, ते शुद्ध मराठीत. "हे देवा महाराजा, हे पाते वाकडे होऊ नये, अशी नम्र विनंती आहे." आम्हाला हसू आवरून व्हय म्हणणं जमेना. फिलू टीचर म्हणाल्या, "गाऱ्हाणा न्हय ता, अर्ज आसा." हळूहळू त्याचा अर्ज सुटला. हाताला घट्टे पडले. कानाशी धरून तो चाकू बापाला द्यायचा, बाप डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "येवक नाय अजून." मुलगा चिडायचा, शिव्या घालायचा, त्याही मालवणीत, आणि काकांचा चेहरा शिव्या ऐकून उजळायचा.

पुढच्या मे महिन्याची गोष्ट. आंबा संपला होता, माझ्याकडे लग्नाच्या तारखाही संपत आल्या होत्या. एकतीस तारखेला दुपारी मी वाट्या धूत होते, फिलू टीचर डाय सुकवत बसल्या होत्या, आणि पलीकडून आवाज आला. 'खट्.' इतकी वर्षं तो आवाज ऐकून माझा कान तयार झाला होता. आत भरलेला, एकच, न पाघळलेला. मी आणि टीचरनी एकमेकींकडे बघितलं. झाला. मुलाचा चाकू झाला.

 मग काका म्हणाले, "येवक नाय अजून. फाल्यां बघूया."

टीचर उठायला लागल्या, मी हात धरून त्यांना बसवलं.

दुसऱ्या दिवशी एक जून. ज्या तारखेला काका वर्षानुवर्षं माडाला टेकून बसले होते, त्या सकाळी त्यांनी भट्टीचं दार उघडलं. बँकेचा मेसेज आला, त्याची टिंग मी ऐकली. मी काम नसताना पार्लर उघडलं होतं, आणि टीचरही केस काळेभोर असताना डाय लावायला आल्या होत्या. काकींनी चुलीवरची कढी उतरवली आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

चाकूला काल दुपारपासून कोणी हात लावला नव्हता. काकांनी तो कानाशी धरला, मिटवला. तोच आवाज. "इलो," ते म्हणाले. "जल्माक इलो. ठसे घे."

मुलाने एकेक आकडा ठोकला. ठोके सरळ पडले. पट्टी आत बसवून खिळे ठेचेपर्यंत काका बघत होते. चाकू हातात घेऊन, आत बॅटरी मारून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी तारीख वाचली. "ह्या तारखेक कोण तरी खरोच जल्माक इलो," ते म्हणाले. मग डबा मुलापुढे सरकवला. "न्हे आता. शब्द आसा."

मुलाने डबा उचलला, झाकण लावलं आणि फळीवर जागच्या जागी ठेवला. "ऱ्हवांदेत हयसरच," तो म्हणाला. "पुढच्या म्हयन्यात दुसरो करूचो आसा."

काकांनी तोंड फिरवलं. फिरवलं ते नेमकं पार्टिशनकडे. माझा डोळा फटीला होताच. चाकू कालच झाला होता, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. एका दिवसाचं खोटं नको म्हणून दुकानाच्या पायरीवर बसलेला, पंगत चुकवलेला, बँकेला शुभेच्छा परत घ्यायला लावणारा हा माणूस. त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले,

"हो चाकू आजच जल्माक इलो रे म्हाराजा."

आणि थांबले.  मी, फिलू टीचर आणि दारातल्या काकी, तिघींनी एकदम म्हटलं, "व्हय म्हाराजा."